‘जायचो’ म्हणजे ‘ईबा’: स्पॅनिशचा अपूर्ण भूतकाळ मराठीच्या वाटेने

स्पॅनिश शिकणारे बहुतेक मराठी भाषक ती इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांतून शिकतात, आणि वर्तमानकाळ व साधा भूतकाळ होईपर्यंत त्यात फारसे काही अडत नाही. अडते ते अपूर्ण भूतकाळापाशी, म्हणजे ज्याला स्पॅनिशमध्ये ‘प्रेतेरितो इम्पेर्फेक्तो’ म्हणतात तिथे. ‘लहानपणी मी दर रविवारी आजोळी जायचो’ आणि ‘काल मी आजोळी गेलो’ या दोन्ही वाक्यांसाठी इंग्रजीत ‘वेंट’ हे एकच रूप चालून जाते, त्यामुळे इंग्रजीतून विचार करणाऱ्याला स्पॅनिशची दोन रूपे ही निष्कारण गुंतागुंत वाटते. वास्तविक मराठी माणसाला हा भेद कोणी शिकवावा लागत नाही. ‘लहानपणी मी दर रविवारी आजोळी गेलो’ हे वाक्य आपल्या कानाला लगेच खटकते, आणि जिथे ते खटकते तिथेच स्पॅनिश माणूस अपूर्ण भूतकाळ वापरतो. म्हणून हा काळ इंग्रजी बाजूला ठेवून थेट मराठीतून शिकावा. मात्र मराठीच्या वाटेवरही दोन-चार खड्डे आहेत आणि ते इंग्रजीच्या खड्ड्यांपेक्षा वेगळे आहेत. या लेखात त्यांनाच अधिक जागा दिली आहे.

वाचकाला वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ (‘प्रेतेरितो इन्देफिनिदो’) येतो असे येथे गृहीत धरले आहे. स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत: ‘बे’ आणि ‘उबे’ या दोन्ही अक्षरांसाठी ‘ब’, घशातून येणाऱ्या ‘खोता’साठी ‘ख’, आणि ‘आचे’ हे अक्षर मूक असल्याने त्यासाठी काहीच नाही.

पहिली पायरी: रूपे तोंडात बसवणे

या काळाची रूपे स्पॅनिशमधील सर्वांत सोप्या रूपांपैकी आहेत, त्यामुळे त्यांवर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त वेळ घालवू नये. ‘आर’ने संपणाऱ्या क्रियापदांना ‘आबा’ हा प्रत्यय लागतो. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. त्याची रूपे यो आब्लाबा, तू आब्लाबास, एल आब्लाबा, नोसोत्रोस आब्लाबामोस, बोसोत्रोस आब्लाबाइस, एयोस आब्लाबान अशी होतात. ‘एर’ आणि ‘ईर’ने संपणाऱ्या दोन्ही गटांना एकच ‘ईआ’ पुरतो: ‘कोमेर’ म्हणजे खाणे, जेवणे, आणि रूपे कोमीआ, कोमीआस, कोमीआ, कोमीआमोस, कोमीआइस, कोमीआन. ‘बोसोत्रोस’चे रूप स्पेनमध्ये लागते, लॅटिन अमेरिकेत त्याऐवजी ‘उस्तेदेस’ वापरतात आणि क्रियापद ‘एयोस’सारखेच ठेवतात.

लिहिताना दोन गोष्टी पाळाव्यात. ‘आबा’मधला ‘ब’ नेहमी ‘बे’ या अक्षराने लिहितात, ‘उबे’ने कधीही नाही, आणि ‘ईआ’मधल्या ‘ई’वर आघातचिन्ह सहाही रूपांत द्यावेच लागते, कारण ते दिले नाही तर ‘ई’ आणि ‘आ’ एकत्र होऊन ‘या’ असा उच्चार होईल. पहिल्या गटात आघातचिन्ह फक्त ‘आब्लाबामोस’मध्ये, ‘ला’ या अक्षरावर येते. बोलताना ‘आबा’मधला ‘ब’ मराठी ‘बाबा’मधल्या ‘ब’सारखा ओठ घट्ट मिटून काढू नये. ओठ एकमेकांच्या जवळ येतात, पण त्यांच्यामधून हवा वाहत राहते.

वर्तमानकाळात ज्या क्रियापदांचे मूळ बदलते तीदेखील इथे सरळ चालतात. ‘पोदेर’चे वर्तमानकाळात ‘प्वेदो’ होते, पण अपूर्ण भूतकाळात साधे ‘पोदीआ’. ‘दोर्मीर’चे ‘द्वेर्मो’ होते, पण इथे ‘दोर्मीआ’. अनियमित क्रियापदे संपूर्ण भाषेत तीनच आहेत. ‘सेर’ म्हणजे असणे: एरा, एरास, एरा, एरामोस, एराइस, एरान. ‘ईर’ म्हणजे जाणे: ईबा, ईबास, ईबा, ईबामोस, ईबाइस, ईबान. ‘बेर’ म्हणजे पाहणे, त्याचे ‘बेईआ’ होते आणि पुढची रूपे ‘कोमीआ’च्याच वळणाने जातात.

मराठीत ‘जात होता’ आणि ‘जात होती’ असा लिंगभेद आहे. स्पॅनिशमध्ये तो, ती आणि स्वतः मी या तिघांसाठीही ‘ईबा’ हे एकच रूप आहे. ही सोय आहे तशी अडचणही आहे, कारण एरवी स्पॅनिश माणूस सर्वनाम गाळतो, पण या काळात ‘मी’ की ‘तो’ हे संदर्भावरून कळत नसेल तर ‘यो’ किंवा ‘एल’ घालावे लागते.

नावाबद्दल थोडे सांगतो. 1492 साली आन्तोन्यो दे नेब्रिखा याने कास्तेयानो, म्हणजेच स्पॅनिश, भाषेचे व्याकरण लिहिले, तेव्हा त्याने या काळाला ‘पासादो नो आकाबादो’ म्हणजे ‘न संपलेला भूतकाळ’ असे नाव दिले. व्हेनेझुएलात जन्मलेल्या आन्द्रेस बेयो याने 1847 मध्ये आपल्या व्याकरणात ‘कोप्रेतेरितो’ म्हणजे ‘सहभूतकाळ’ हे नाव योजले, आणि मेक्सिकोतील पाठ्यपुस्तकांत आजही तेच आढळते. मला बेयोचे नाव अधिक उपयोगी वाटते. हा काळ दुसऱ्या एखाद्या घटनेच्या सोबतीने चालतो, हे त्या नावातच आले आहे.

दुसरी पायरी: मराठीची तीन रूपे, स्पॅनिशचे एक

मराठीत ‘जात होतो’ हे चालू असलेल्या क्रियेसाठी येते, ‘जायचो’, ‘जात असे’ किंवा जुन्या वळणाचे ‘जाई’ हे सवयीसाठी येते, आणि ‘होता, होती, होते’ हे स्थितीसाठी येते. स्पॅनिशमध्ये ही तिन्ही कामे अपूर्ण भूतकाळच करतो. ‘मी बाजारात जात होतो’ आणि ‘मी रोज बाजारात जायचो’ या दोन्हींसाठी ‘ईबा आल मेर्कादो’ एवढेच म्हणता येते; दुसऱ्या वाक्यात फक्त ‘तोदोस लोस दीआस’ म्हणजे ‘रोज’ हे शब्द जोडायचे.

चालू क्रियेवर जोर द्यायचा असेल तर ‘एस्ताबा कोम्येन्दो’, म्हणजे ‘जेवत होतो’, असे जोडरूपही आहे. ते सवयीसाठी मात्र वापरू नये. ‘लहानपणी मी रोज दूध पीत असे’ याचे ‘बेबीआ लेचे’ असेच करावे. सवय ठळकपणे सांगायची असेल तर ‘सोलेर’ या क्रियापदाचे ‘सोलीआ’ हे रूप मूळ क्रियापदाआधी ठेवतात: ‘सोलीआ कामिनार’ म्हणजे ‘चालायला जायचो’.

‘आटपाट नगर होते, तिथे एक राजा राहत असे’ ही आपल्या कहाण्यांची सुरुवात या काळाचा उत्तम नमुना आहे. स्पॅनिश आजीबाई ‘आबीआ ऊना बेस उन रेय के तेनीआ त्रेस इखास’ म्हणजे ‘एक होता राजा, त्याला होत्या तीन मुली’ अशी सुरुवात करतात. पुढे आपल्याकडे ‘एके दिवशी काय झाले’ हे शब्द येतात आणि तिकडे ‘उन दीआ’ येते, आणि दोन्ही भाषांत तिथेच काळ बदलतो. ‘आबीआ’ हे ‘आबेर’चे रूप एकवचनीच राहते. पुस्तके कितीही असली तरी ‘आबीआ मूचोस लीब्रोस’ असेच लिहावे.

तिसरी पायरी: ‘वाजले होते’चा सापळा

मराठी भाषकाची सर्वांत मोठी चूक इथे होते, आणि इंग्रजीतून लिहिलेली पुस्तके तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत, कारण ती चूक इंग्रजी माणूस करतच नाही. मराठीत आपण अनेक स्थिती पूर्ण झालेल्या क्रियेच्या रूपाने सांगतो: तीन वाजले होते, मला भूक लागली होती, मी थकलो होतो, तो खुर्चीत बसला होता, तिने निळा शर्ट घातला होता. व्याकरणाच्या पुस्तकात हा ‘पूर्ण भूतकाळ’ आहे, त्यामुळे विद्यार्थी स्पॅनिशचा पूर्ण भूतकाळ किंवा साधा भूतकाळ शोधू लागतो. परंतु या वाक्यांचा अर्थ पाहिला तर त्यांत कोणतीही क्रिया सांगितलेली नाही, क्रियेनंतर उरलेली स्थिती सांगितली आहे, आणि स्पॅनिशला तेवढ्याशीच कर्तव्य आहे.

म्हणून ‘तीन वाजले होते’ याचे ‘एरान लास त्रेस’ होते आणि ‘एक वाजला होता’ याचे ‘एरा ला ऊना’. भूतकाळातील घड्याळाच्या वेळेला अपूर्ण भूतकाळच लागतो. ‘भूक लागली होती’ म्हणजे ‘तेनीआ आम्ब्रे’, ‘थकलो होतो’ म्हणजे ‘एस्ताबा कान्सादो’, आणि बोलणारी स्त्री असेल तर ‘कान्सादा’. लिंगभेद क्रियापदातून निघून विशेषणात गेला एवढेच. ‘बसला होता’ म्हणजे ‘एस्ताबा सेन्तादो’, ‘निळा शर्ट घातला होता’ म्हणजे ‘येबाबा ऊना कामीसा आसूल’.

याच्या उलटही घडते. ‘मी गेल्या वर्षी माद्रिदला गेलो होतो’ असे आपण सहज म्हणतो, पण इथे ‘होतो’ने कोणतीही उरलेली स्थिती सांगितलेली नाही; जाऊन आल्याची ती एक संपलेली घटना आहे. स्पॅनिशमध्ये इथे साधा भूतकाळ हवा: ‘एल आन्यो पासादो फ्वी आ माद्रिद’. तेव्हा मराठी वाक्यात ‘-ला होता’ दिसले की थांबून विचारावे: त्या क्षणी डोळ्यांना काय दिसले असते? माणूस खुर्चीत दिसला असता, शर्ट अंगावर दिसला असता, तर अपूर्ण भूतकाळ; माद्रिदची सहल त्या क्षणी कुठेच दिसत नाही, म्हणून साधा.

नुसत्या ‘होता’साठी आणखी एक कसोटी मी वापरतो, ती म्हणजे ‘होता’च्या जागी ‘झाला’ घालून पाहणे. ‘काल कार्यक्रम छान होता’ याचे ‘छान झाला’ केले तरी अर्थ तोच राहतो, म्हणून ‘फ्वे’. ‘दार लाल होते’ याचे ‘दार लाल झाले’ केले की अर्थच बदलतो, म्हणून ‘एरा’. वयालाही ही कसोटी लागू पडते: ‘आठ वर्षांचा होतो’ म्हणजे ‘तेनीआ ओचो आन्योस’, आणि ‘आठ वर्षांचा झालो’ म्हणजे ‘कुम्प्ली ओचो आन्योस’.

चौथी पायरी: दोन्ही भूतकाळ एका गोष्टीत

एक छोटा परिच्छेद जवळून पाहू. ‘एरा दोमिंगो. योबीआ. मी आब्वेला एस्ताबा एन ला कोसीना इ नोसोत्रोस खुगाबामोस आ लास कार्तास. दे रेपेन्ते से फ्वे ला लूस. मी आब्वेला एन्सेन्द्यो ऊना बेला इ सालीमोस आल बाल्कोन. नो से बेईआ नादा.’ मराठीत सांगायचे तर: रविवार होता. पाऊस पडत होता. आजी स्वयंपाकघरात होती आणि आम्ही पत्ते खेळत होतो. अचानक लाइट गेली. आजीने मेणबत्ती लावली आणि आम्ही बाल्कनीत आलो. काहीच दिसत नव्हते. (‘लाइट गेली’ असे स्पॅनिश माणूसही शब्दशः म्हणतो, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा फार आपलेसे वाटले होते.)

या आठ वाक्यांशांपैकी पहिल्या चारांत गोष्ट एक पाऊलही पुढे सरकत नाही. रविवार, पाऊस, आजी आणि पत्ते हे सारे एकाच वेळी अस्तित्वात आहे, आणि त्यांचा क्रम उलटसुलट केला तरी बिघडत नाही. ‘से फ्वे’पासून मात्र क्रम महत्त्वाचा होतो: आधी लाइट गेली, मग मेणबत्ती लागली, मग सगळे बाल्कनीत आले. ‘नो से बेईआ नादा’पाशी गोष्ट पुन्हा थबकते आणि आपण अंधाराकडे पाहतो.

आता एकच क्रियापद बदलून पाहावे. ‘खुगाबामोस’च्या जागी साध्या भूतकाळातले ‘खुगामोस’ घातले, तर पत्ते खेळून झाले आणि त्यानंतर लाइट गेली असा अर्थ निघतो. ‘से फ्वे ला लूस’ऐवजी ‘क्वान्दो योबीआ, से ईबा ला लूस’ म्हटले, तर ‘पाऊस पडायचा तेव्हा लाइट जायची’ अशी त्या गावची रीतच सांगितली जाते. असे एकेक क्रियापद बदलून अर्थ कसा हलतो हे पाहण्याने जेवढे समजते, तेवढे नियमांची यादी पाठ करून समजत नाही.

पुस्तकांत ‘स्येम्प्रे’, ‘आ बेसेस’, ‘आन्तेस’ हे शब्द अपूर्ण भूतकाळाची खूण म्हणून आणि ‘आयेर’, ‘दे रेपेन्ते’ हे साध्या भूतकाळाची खूण म्हणून दिलेले असतात. सुरुवातीला त्यांचा आधार घ्यावा, पण आंधळेपणाने नव्हे. ‘स्येम्प्रे मे आयुदो’ म्हणजे ‘त्याने मला नेहमीच मदत केली’ हे साध्या भूतकाळातले वाक्य अगदी शुद्ध आहे, कारण बोलणारा त्या सगळ्या मदतीकडे मागे वळून एकत्रित पाहतो आहे.

मी शिकत असताना आजीवर एक निबंध लिहिला होता. वर्णन म्हणजे अपूर्ण भूतकाळ एवढेच डोक्यात बसल्यामुळे शेवटी ‘आजी वारली’ यासाठीही ‘से मोरीआ’ असे लिहून बसलो. त्याचा अर्थ ‘आजी मरणाच्या दारात होती’ असा होतो. शिक्षिकेने समासात बारीक अक्षरांत विचारले होते, ‘मग पुढे काय झाले?’ तिथे ‘मुर्यो’ हवे होते.

कालावधीचा प्रश्नही याच पायरीवर सोडवावा. ‘मी सेव्हिल्यात दहा वर्षे राहत होतो’ हे मराठीत चालते, पण दहा वर्षे मोजून संपवली की स्पॅनिशमध्ये साधा भूतकाळ येतो: ‘बिबी द्येस आन्योस एन सेबिया’. मराठीत ‘-पासून’ आले तर मात्र अपूर्ण भूतकाळ: ‘आसीआ दोस आन्योस के बिबीआ आयी’ म्हणजे ‘मी तिथे दोन वर्षांपासून राहत होतो’. स्पेनच्या बऱ्याच भागांत ‘आसीआ’चा उच्चार ‘आथीआ’ असा ऐकू येईल.

पाचवी पायरी: माहीत होते आणि कळले

काही क्रियापदांचा अर्थ काळाबरोबर बदलतो असे इंग्रजीतून शिकवणारी पुस्तके सांगतात आणि त्यांची यादी पाठ करायला लावतात. मराठीत यातली बहुतेक वेगवेगळी क्रियापदेच आहेत, त्यामुळे पाठ करण्याजोगे फारसे उरत नाही. ‘साबीआ’ म्हणजे माहीत होते, ‘सूपे’ म्हणजे कळले. ‘कोनोसीआ’ म्हणजे ओळखत होतो, ‘कोनोसी’ म्हणजे ओळख झाली. ‘पोदीआ’ म्हणजे करता येण्यासारखे होते, ‘पूदे’ म्हणजे जमले. ‘नो केरीआ ईर’ म्हणजे जायचे नव्हते, मग कदाचित गेलोही असेन. ‘नो कीसे ईर’ म्हणजे जायला नकार दिला. ‘तेनीआ के सालीर’ म्हणजे बाहेर जायचे होते, गेलो की नाही ते अजून कळायचे आहे. ‘तूबे के सालीर’ म्हणजे बाहेर जावे लागले, आणि गेलो.

‘-णार होतो’ हे आपले रूपही जसेच्या तसे सापडते. ‘ईबा आ सालीर क्वान्दो सोनो एल तेलेफोनो’ म्हणजे ‘मी बाहेर पडणार होतो, इतक्यात फोन वाजला’.

सहावी पायरी: सौजन्य आणि दुसऱ्याचे बोलणे

दुकानात आपण ‘मला एक वही हवी होती’ असे म्हणतो, तेव्हा वही आताच हवी असते. ‘होती’ने फक्त मागणीची धार कमी होते. स्पॅनिशमध्येही हेच करतात. ‘केरीआ उन काफे’ म्हणजे ‘एक कॉफी हवी होती’, आणि ‘केरीआ प्रेगुन्तार्ले ऊना कोसा’ म्हणजे ‘तुम्हांला एक विचारायचे होते’.

दुसऱ्याचे बोलणे सांगताना मात्र मराठी आपल्याला फसवते. ‘ती म्हणाली की मी आजारी आहे’ किंवा ‘ती म्हणाली की ती आजारी आहे’ असे आपण वर्तमानकाळ तसाच ठेवून म्हणतो. स्पॅनिशमध्ये ‘म्हणाली’ भूतकाळात असेल तर पुढचे ‘आहे’सुद्धा सहसा मागे ओढले जाते: ‘दीखो के एस्ताबा एन्फेर्मा’. आपल्या कानाला हे ‘आजारी होती’ असे, म्हणजे आता बरी झाली असे वाटते, पण तसा अर्थ त्यात नाही. ही सवय मोडायला मला बरेच महिने लागले.

सातवी पायरी: सराव

सरावासाठी घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला त्यांच्या शाळेच्या दिवसांबद्दल पाच मिनिटे बोलायला सांगावे आणि ते बोलणे मराठीतच शब्दशः लिहून घ्यावे. आठवणी सांगताना माणसे ‘जायचो’, ‘असायची’, ‘मिळायचे’ अशी रूपे भराभर वापरतात आणि मधूनच ‘एकदा काय झाले’ म्हणून एखादी घटना सांगतात, त्यामुळे दोन्ही काळ आपोआप योग्य प्रमाणात हाती येतात. त्या मजकुरातील ‘-यचो’, ‘-त होतो’, ‘-त असे’ ही रूपे एका रंगाने आणि घटनेची क्रियापदे दुसऱ्या रंगाने अधोरेखित करावीत. ‘-ला होता’ची वाक्ये तूर्त कोरी ठेवून तिसऱ्या पायरीवरची कसोटी लावूनच त्यांना रंग द्यावा. त्यानंतर स्पॅनिश करायला बसावे.

रूपाबद्दल शंका आली तर रेआल आकादेम्या एस्पान्योला या संस्थेच्या ऑनलाइन शब्दकोशात त्या क्रियापदाची पूर्ण रूपावली मिळते. तिथे ‘इन्दिकातीबो’ या विभागातील ‘प्रेतेरितो इम्पेर्फेक्तो’ पाहावा. त्याच नावाचा दुसरा तक्ता ‘सुब्खुन्तीबो’ या विभागात आहे, आणि ‘आब्लारा’सारखी त्यातली रूपे या लेखाच्या विषयाबाहेरची आहेत.

लिहून झालेला मजकूर दोनदा मोठ्याने वाचावा. पहिल्या वेळी फक्त साध्या भूतकाळाची वाक्ये वाचावीत. तेवढ्यांतून गोष्टीचा सांगाडा समजला पाहिजे, आणि समजला नाही तर कुठली तरी घटना चुकून अपूर्ण भूतकाळात गेली आहे. दुसऱ्या वेळी फक्त अपूर्ण भूतकाळाची वाक्ये वाचावीत. त्यांतून शाळा, वर्ग, पाऊस आणि डबा हे डोळ्यांसमोर यावे, पण पुढे काय झाले ते कळता कामा नये.